कृपा म्हणजे सवलत नव्हे

ख्रिस्ती धर्माचा विषय निघाला की आपल्याकडचा बरा वाचणारा माणूसही एक निकाल देऊन मोकळा होतो. ‘त्यांचं सोपं आहे. पाप करा, चर्चमध्ये जाऊन कबूल करा, माफी घ्या, सोमवारपासून पुन्हा चालू.’ हिंदी सिनेमाने या मताला एक लाकडी कपाटही मिळवून दिलं आहे. आत पाद्री, बाहेर गुंड, मधे जाळी. गुंड दोन वाक्यं बोलतो आणि हलका होऊन बाहेर पडतो. मग याच्या शेजारी कर्मसिद्धांत उभा केला जातो. करावे तसे भरावे, तिथे वशिला चालत नाही. इकडे मात्र खुद्द देवाचाच वशिला. म्हणून कृपेचा सिद्धांत मनाला गोड आणि नीतीला घातक, असा निष्कर्ष निघतो.

हे मत गप्पांतलं म्हणून झटकून टाकण्यासारखं नाही. त्याची वंशावळ चांगली आहे. इमॅन्युएल कांटने 1793 मध्ये धर्मावर लिहिलेल्या ग्रंथात हीच शंका अधिक सभ्य भाषेत मांडली आहे: वरून मदत येईल म्हणून वाट पाहत बसलेला माणूस स्वतःला सुधारण्याचं काम टाळणारच. कांटच्या सुमारे चौदाशे वर्षं आधी रोममध्ये पेलाजियस नावाच्या ब्रिटिश तापसाला याच धास्तीने ग्रासलं होतं. तेव्हा पूर्वपक्ष पूर्ण ताकदीनिशी घ्यावा. जे कमवावं लागत नाही त्याची कदर राहत नाही. जी क्षमा ठरलेलीच आहे ती गुन्ह्याला उत्तेजन देते. आणि न्याय करणाऱ्यानेच न्याय बाजूला ठेवला, तर ज्याचं नुकसान झालं त्याने कोणाकडे पाहायचं? तिसरा मुद्दा सर्वांत वजनदार आहे, आणि तोच सहसा कोणी बोलून दाखवत नाही.

पहिल्या दोन मुद्द्यांना उत्तर द्यायला कोणी आधुनिक पंडित लागत नाही. इ.स. 57 च्या आसपास येशूचा प्रेषित पौल याने रोममधल्या मंडळीला जे पत्र लिहिलं, त्यात आपल्यावर असा आळ घेतला जातो हे तोच सांगतो, आणि सहाव्या अध्यायाच्या सुरुवातीला तो प्रश्न स्वतःच्या तोंडून विचारतो: पाप जितकं जास्त तितकी कृपा जास्त, तर मग पाप करतच राहावं का? त्याचं उत्तर ठाम नकाराचं आहे, आणि कारण ध्यानात घेण्याजोगं आहे. पापाला तो चुकांची यादी मानत नाही, एक मालक मानतो. कृपेने यादी पुसली जाते एवढंच त्याचं म्हणणं असतं तर आक्षेप बिनतोड ठरला असता, कारण कोऱ्या पाटीवर पुन्हा लिहिता येतं. पण त्याच्या मते कृपेने माणसाची मालकीच बदलते. सुटलेला गुलाम नव्या धन्याच्या चाकरीत रुजू होतो, आणि हा धनी अधिक काम सांगणारा आहे.

पौल ज्या जगात लिहीत होता तिथे एकतर्फी देणगी ही गोष्टच कोणाला कळली नसती. त्याच्या समकालीन रोमन तत्त्वज्ञ सेनेकाने उपकारांवर सात खंडांचा ग्रंथ लिहिला. कोणाला द्यावं, कसं द्यावं, घेणाऱ्याने कृतज्ञ कसं राहावं याचा त्यात काथ्याकूट आहे. आपल्याकडच्या आहेराच्या वहीची आठवण व्हावी असा तो समाज होता. लग्नघरात कोपऱ्यात बसलेला एखादा हिशेबी चुलता पाकिटं फोडून नाव आणि रक्कम लिहितो; पुढे त्यांच्या घरी कार्य निघालं की वही उघडायची आणि ‘त्यांनी आपल्याला काय घातलं होतं’ ते पाहायचं. रोमन सभ्यता अशाच वह्यांवर चालत होती, फक्त पाकिटात जमिनी, पदं आणि शिफारशी असत. अशा समाजात शहाणा माणूस पात्र पाहूनच देतो, कारण अपात्राकडून परत काही येत नाही.

डरम विद्यापीठातले बायबल-अभ्यासक जॉन बार्कले यांनी 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या पार्श्वभूमीवर पौल वाचून दाखवला, आणि माझ्या मते त्यांनी वादाची जुनी गाठ बरीचशी सोडवली. पौलाने त्या व्यवहारातली एकच गोष्ट मोडली: पात्रता पाहणं. वंश, कुळ, विद्या, आजवरचं वर्तन यांतलं काहीही न बघता दिलेलं दान. परतफेडीची अपेक्षा मात्र त्याने शाबूत ठेवली. देताना अट नाही, पण दिल्यानंतर घेणाऱ्याचं सगळं आयुष्य त्या दानाला जबाबदार आहे. ‘द्यावं आणि विसरावं, घेणाऱ्यावर कसलंही बंधन नको’ ही शुद्ध दानाची कल्पना अलीकडची आहे. ती पहिल्या शतकाच्या माथी मारायची आणि मग पहिल्या शतकाला ढिलं म्हणायचं, हा कालविपर्यास झाला.

मत्तयाच्या शुभवर्तमानातला निष्ठुर चाकराचा दाखला हेच आकड्यांत सांगतो. चाकराचं राजाला देणं दहा हजार तालांत. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार, आणि एक दिनार ही मजुराची दिवसाची मजुरी. म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. फिटण्याची बातच नको. राजा ती सगळी सोडून देतो. बाहेर पडताच चाकराला त्याचा एक सोबती भेटतो, ज्याच्याकडे याचे शंभर दिनार येणं आहे. हा त्याचा गळा धरतो आणि तुरुंगात घालतो. राजाला कळल्यावर माफी रद्द होते. सहा लाखांस एक या प्रमाणातली ती थोरली माफी रद्द होण्याचं कारण चाकराचं जुनं देणं नाही. मिळालेली माफी त्याच्यापाशीच अडकली, पुढे सरकली नाही. फुकटची आणि निर्धोक माफी असं ज्याला म्हणतात ती या दाखल्यात कुठे आहे, हे आक्षेपकाने दाखवावं.

आता तिसरा मुद्दा, ज्याचं नुकसान झालं त्याचा. त्यासाठी लूकच्या शुभवर्तमानातल्या यरीहो गावी जावं लागेल. जक्कय हा तिथला मुख्य जकातदार. जकातीचा मक्ता घ्यायचा, सरकारला ठरलेली रक्कम भरायची आणि लोकांकडून जास्त उकळून फरक खिशात घालायचा, हा तो धंदा. माणूस बुटका, गर्दीत येशू दिसेना म्हणून उंबराच्या झाडावर चढतो. येशू खाली थांबून वर पाहतो आणि आज मी तुझ्याच घरी उतरणार म्हणतो. इथे क्रम पाहावा. जक्कयने अजून काही कबूल केलेलं नाही, काही परत केलेलं नाही, व्रत नाही की नवस नाही. लोक कुरकुरतात, आणि त्यांची कुरकुर म्हणजे आपल्या पूर्वपक्षाचीच आहे: असल्या माणसाच्या घरी? मग जक्कय उभा राहतो आणि जाहीर करतो, की अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्यांना फसवलं त्यांना चौपट.

हे चौपट कुठून आलं? मोशेच्या नियमशास्त्रात आपणहून कबूल करणाऱ्याला मुद्दल आणि वर त्याचा पाचवा हिस्सा एवढंच द्यावं लागे. मेंढरू चोरून कापणाऱ्या किंवा विकणाऱ्या चोराला मात्र चौपट. जक्कयने कबुलीवाल्याची सूट घेतली नाही, चोराचा दंड स्वतःला लावून घेतला. (मूळ ग्रीकमधली क्रियापदं वर्तमानकाळी असल्याने तो आपली नेहमीची वागणूकच सांगत होता, असं काही अभ्यासक म्हणतात. मला ते पटत नाही. नेहमीच चौपट परत करणारा मक्तेदार इतका श्रीमंत राहिला कसा?) कृपा आधी आली म्हणून यरीहोच्या लुबाडलेल्या लोकांचे पैसे बुडाले नाहीत, उलट कायद्याने मिळाले असते त्याहून जास्त परत आले.

हीच शिस्त पुढे कॅथॉलिक पापनिवेदनात उतरली. 1551 मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेने या संस्कारात पापी माणसाकडून तीन गोष्टी मागितल्या: मनापासूनचा पश्चात्ताप, कबुली आणि भरपाई. पुन्हा न करण्याचा निश्चय नसेल तर धर्मगुरूने उच्चारलेली मुक्ती पोकळ. चोरलेलं परत करायला हवं, कोणाची अब्रू घालवली असेल तर ती सावरायला हवी. सिनेमातल्या गुंडाला फादर कधी विचारत नाहीत की बाबा, त्या पैशांचं काय करणार? पटकथेला तो प्रश्न परवडत नाही.

आता पेलाजियसकडे. रोममधल्या सधन ख्रिस्ती घरांत त्याला मान होता. धर्म सोयीने पाळणाऱ्यांचा त्याला वीट आला होता, आणि तो वीट रास्त होता. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याच्या ‘कबुलीजबाबां’मधली एक प्रार्थना, देवाने हवी ती आज्ञा करावी पण पाळण्याचं बळही त्यानेच द्यावं अशा आशयाची, ऐकून तो भडकला. त्याचा युक्तिवाद सरळ होता: आज्ञा दिली आहे, त्या अर्थी पाळण्याची क्षमता दिलेलीच आहे, मग रडगाणं कशाला? 413 मध्ये त्याने डेमेट्रियास नावाच्या तरुण मुलीला ब्रह्मचर्याच्या व्रताबद्दल एक लांब पत्र लिहिलं. ती रोमच्या अत्यंत श्रीमंत अनिकी घराण्यातली. पूर्णत्व मनावर घेतलं की साधतं, असा त्या पत्राचा सूर आहे. वाचताना मान डोलते, मग लक्षात येतं की वाचणारीला सकाळी उठून पाणी भरायचं नव्हतं. ऑगस्टीनच्या चर्चमध्ये दारू सुटत नाही म्हणून वर्षानुवर्षं धडपडणारे हिप्पोचे बंदरकामगारही बसत असणार. पीटर ब्राऊन यांनी 1967 च्या ऑगस्टीन-चरित्रात हा फरक नेमका पकडला आहे: एकाचं चर्च निवडक निष्कलंकांचं, दुसऱ्याचं हळूहळू बरं होणाऱ्या जखमींचं. 418 मध्ये कार्थेजच्या सभेने पेलाजियसच्या मताचा निषेध केला. वशिल्याचा आरोप करायचाच तर तो कोणावर करावा, हे यावरून ठरवावं. इच्छाशक्ती, शिक्षण, फावला वेळ आणि चांगलं घराणं ही ज्यांच्याजवळ आहेत, त्यांच्यासाठी ‘स्वतःच्या बळावर’ हा फार सोयीचा सिद्धांत आहे.

मग पापाची शिक्षा माफ करणाऱ्या क्षमापत्रांची चर्चने केलेली विक्री? झाली, आणि तिचा डाग पुसता येणार नाही. 1517 मध्ये योहान टेट्झेल नावाचा धर्मोपदेशक ब्रांडेनबुर्गच्या मुलखात ती विकत फिरत होता; पैसा रोमच्या संत पीटरच्या बांधकामाला आणि माइंझच्या आर्चबिशपचं कर्ज फेडायला जात होता. पण तो बाजार मोडायला पुढे आला कोण? मार्टिन लूथर, कृपेचा त्या शतकातला सर्वांत हट्टी वकील. त्याच्या 95 प्रमेयांपैकी पहिलंच सांगतं की ख्रिस्ती माणसाचं सबंध आयुष्य पश्चात्तापाचं असावं. पुढे तो म्हणतो की खरा पश्चात्ताप झालेला माणूस शिक्षा टाळायला बघत नाही, आणि क्षमापत्र विकत घेण्यापेक्षा गरिबाला दिलेलं बरं. त्याची तक्रार माफी महाग झाली अशी नव्हती. ती स्वस्त झाली, न बदलता मिळू लागली, ही होती. रोमच्या बाजूनेही ट्रेंटने 1563 मध्ये या व्यवहारातल्या पैशाच्या गैरप्रकारांवर बंदी घातली. आणि 31 ऑक्टोबर 1999 रोजी आऊग्सबुर्ग इथे लुथरन महासंघ आणि कॅथॉलिक चर्च यांनी एका संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. देव माणसाचा स्वीकार करतो तो केवळ कृपेने, त्याच्या पुण्याईमुळे नव्हे. आणि तीच कृपा त्याचं मन नवं करून त्याला सत्कृत्यांना लावते, असा त्या घोषणेचा गाभा. ज्या प्रश्नावर युरोप फाटला, त्यावर दोन्ही बाजूंच्या कागदात सत्कृत्यं कुठेही ऐच्छिक ठरलेली नाहीत.

इथे पूर्वपक्षाला एक गोष्ट मोकळेपणाने दिली पाहिजे. सिद्धांत एक आणि मंडळींची सवय दुसरी. 1937 मध्ये डीट्रिख बॉनहॉफर या जर्मन धर्मपंडिताने ‘स्वस्त कृपा’ या नावाने जो रोग वर्णिला, तो त्याच्या स्वतःच्या लुथरन चर्चचा होता: पाप्याला नव्हे, पापालाच मोकळं करणारी कृपा. हिटलरपुढे मान तुकवणाऱ्या पाद्र्यांना दर रविवारी क्षमेचा शब्द ऐकू येतच होता. बॉनहॉफरला 9 एप्रिल 1945 रोजी फ्लोसेनबुर्गच्या छळछावणीत फाशी दिलं गेलं. तेव्हा आक्षेप खोटा नाही. फक्त तो करणारे सर्वांत कठोर लोक घरातलेच निघतात.

जॉन न्यूटनचं उदाहरण याहून अडचणीचं आहे. ‘अमेझिंग ग्रेस’ या इंग्रजी भक्तिगीताचा हा कर्ता. गुलामांच्या व्यापारातला खलाशी, 1748 च्या वादळात देवाचा धावा करतो, बदलतो, तो धंदा सोडतो आणि गीत लिहितो, अशी कथा प्रवचनांतून सांगतात. ती खरी नाही. त्या वादळानंतरच तो गुलामवाहू जहाजांचा कप्तान झाला, आणि 1754 मध्ये समुद्रावरून उतरला तो प्रकृतीने दगा दिला म्हणून. डेकखाली साखळदंडात माणसं आणि वर प्रार्थना, असं वर्षानुवर्षं चाललं. व्यापाराविरुद्ध त्याचं पत्रक निघालं 1788 मध्ये, वादळानंतर चाळीस वर्षांनी. कृपा हळूहळू काम करते असं म्हणून ही चाळीस वर्षं मिटवता येत नाहीत. त्या अवधीत मेलेल्यांना हा हळूहळूपणा काय कामाचा? इतकंच म्हणता येतं की 1788 साली त्याने नुसती हळहळ व्यक्त केली नाही. आतल्या माणसाची साक्ष म्हणून स्वतःचं नाव लावून जहाजांवरचे प्रकार छापले आणि नंतर संसदेच्या समितीपुढेही उभा राहिला. जक्कयचं चौपट त्यात नाही. पण त्या दिशेचं काहीतरी आहे.

कर्मसिद्धांताशी तुलना करणाऱ्यांना एक आठवण द्यावीशी वाटते. कृपेचा वाद आपल्या अंगणातही रंगलेला आहे. श्रीवैष्णवांत वेदांत देशिकांचे अनुयायी आणि पिळ्ळै लोकाचार्यांचे अनुयायी यांचा झगडा नेमका यावरच: माकडाचं पिल्लू आईला स्वतः धरून राहतं, मांजरीचं पिल्लू नुसतं लोंबकळतं, मग जीवाने धरायचं की नाही? रुडोल्फ ओट्टो या जर्मन अभ्यासकाने 1930 मध्ये भारतातल्या कृपामार्गावर आणि ख्रिस्ती धर्मावर पुस्तकच लिहिलं. दोन्ही एकच, असं म्हणण्याची घाई मी करणार नाही. ख्रिस्ती कृपा एका ऐतिहासिक माणसाच्या क्रूसावरच्या मरणाला बांधलेली आहे, आणि तो धागा तोडला की तिचं काही उरत नाही. पण ‘आपलं कर्म, त्यांची कृपा’ ही वाटणी करणाऱ्याने रामानुजांनंतरची काही शतकं वाचलेली नाहीत, हे नक्की.

आणि कृपेवर विसंबणारा हातपाय गाळून बसतो या कांटच्या भीतीला पंडिता रमाबाईंचं आयुष्य मोठी अडचण करतं. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. 1907 मध्ये लिहिलेल्या आत्मनिवेदनात त्या सांगतात की त्यानंतर सुमारे आठ वर्षं आपल्याला धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. आपल्या चांगुलपणाने काही होणार नाही हे उमगलं ते नंतर. आता पाहावं पुढे काय झालं. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, टाकून दिलेल्या शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या. केडगावला त्यांचं ‘मुक्ती’ हे आश्रयस्थान उभं राहिलं: विहिरी, शेती, छापखाना, शाळा. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी बायबलचं भाषांतर हे मरेपर्यंतचं काम वेगळंच. रमाबाई त्याआधीही स्वस्थ बसणाऱ्या नव्हत्या, 1882 मध्ये त्यांनी आर्य महिला समाज काढला होता. तेव्हा हे सगळं कृपेमुळेच झालं असा दावा मी करत नाही. आक्षेपाचा दावा मात्र उलटा होता: असं मानणारा माणूस ढिला पडतोच. त्या ‘च’ला एक उदाहरण पुरेसं आहे.

मग कृपेच्या सिद्धांतावर खरा आक्षेप कोणता? त्याकडे नेणारी वाट 426-27 च्या सुमारास आजच्या ट्युनिशियातल्या हाड्रुमेटमच्या मठातून निघाली. ऑगस्टीनचं एक पत्र एका भिक्षूने नक्कल करून आणलं आणि मठात भांडण पेटलं. काही जण म्हणाले, सगळं कृपेनेच होतं ना, मग मठाधिपतींनी आम्हाला रागवू नये, आमच्यासाठी फक्त प्रार्थना करावी. दोन भिक्षू हिप्पोला जाऊन वृद्ध ऑगस्टीनला भेटले. त्याने दोन पुस्तिका लिहून उत्तर दिलं: रागावणंही हवंच, कारण तेही कृपेचंच साधन. भिक्षूंचा तो प्रश्न यावर मिटला. पण त्या उत्तरामागून दुसरा उभा राहिला. पात्रता न पाहताच द्यायचं, तर मग एकाला दिलं आणि दुसऱ्याला का नाही? ऑगस्टीनने तिथे देवाच्या अगम्य इच्छेकडे बोट दाखवलं, आणि ते उत्तर अनेकांना आजही उत्तर वाटत नाही. हा आक्षेप आपल्या पूर्वपक्षाच्या नेमका उलट्या टोकाचा आहे: कृपा सगळ्यांना फार सहज मिळते असा नव्हे, ती सगळ्यांना मिळत नाही की काय असा. प्रॉटेस्टंटांत काल्व्हिन आणि वेस्ली यांच्या वाटा इथेच फुटल्या. कॅथॉलिकांत डॉमिनिकन आणि जेझुइट पंडित यावर रोममध्ये 1598 पासून पोपच्या समितीपुढे भांडत राहिले. 1607 मध्ये पोप पाचवे पॉल यांनी दोन्ही पक्षांना घरी पाठवलं, एकमेकांना पाखंडी म्हणायचं नाही अशी ताकीद दिली आणि योग्य वेळी निकाल जाहीर करू असं सांगितलं. तो निकाल अद्याप लागलेला नाही.